मुरुडशेंग: नावाची साक्ष किती धरायची?

परवा आत्याकडे गेले होते. आतेबहिणीचं बाळ दीड महिन्याचं. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडतं. आत्याने सहाण धुऊन पुढ्यात घेतली होती आणि ताटलीत घुटीचं सगळं सामान मांडलेलं: वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, सुंठ आणि एक काळपट, पीळ दिलेल्या सुतळीसारखी शेंग. मी ती उचलून बघायला लागले तशी आत्या म्हणाली, "अगं, तुला काय सांगायचं, तू तर यातच पीएचडी करतेस. मुरुडशेंग. मुरडा थांबवते म्हणून मुरुडशेंग. नावातच आहे सगळं."

मी मान डोलावली. बोलले काहीच नाही, कारण हेच वाक्य, जरा सुटाबुटातलं, मी स्वतः लिहिलेलं होतं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात असं होतं: "नावावरूनच स्पष्ट होते त्याप्रमाणे ही वनस्पती पोटातील मुरड्यावर परंपरेने वापरली जाते." असं वाक्य लिहिणारी मी पहिली नाही. औषधी वनस्पतींवरच्या लेखांत, पाठ्यपुस्तकांत, इंग्रजी शोधनिबंधांच्या प्रस्तावनेत हे वाक्य वेगवेगळ्या वेषात भेटतं. आज त्या वाक्याचीच चिकित्सा करायची आहे. शेंगेची नव्हे, वाक्याची.

आधी झुडपाची ओळख. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा, कुळ भेंडी-जास्वंदीचं (जुन्या पुस्तकांत वेगळ्या कुळात सापडेल). सह्याद्रीच्या उतारांवर, पानगळीच्या जंगलाच्या कडेला, वाटेच्या दोन्ही बाजूंना हे झुडूप सर्रास दिसतं. पानं खरखरीत, कडा दातेरी. पावसाळ्यात विटकरी-लाल फुलं येतात आणि जुनी होता होता निळसर राखी पडतात, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग दिसतात. फुलातून एक लांब दांडी वाकून बाहेर येते आणि पुंकेसर व अंडाशय तिच्या टोकाशी असतात. मध प्यायला शिंजीर आला की त्याच्या डोक्याला परागकण लागतात. पुढे त्याच अंडाशयाचे पाच भाग लांबत जातात आणि एकमेकांभोवती पीळ घेतात. म्हणजे आपण जिला एक शेंग म्हणतो ती खरं तर एकमेकींना वेटाळलेली पाच फळं असतात. वाटाण्या-घेवड्याच्या अर्थाने ती शेंगच नाही. पण शास्त्रातली व्याख्या बघून कोणी नावं ठेवत नाही, आणि ठेवूही नयेत.

आता नाव. याची व्युत्पत्ती म्हणून मी आजवर तीन गोष्टी ऐकल्या. एक, आत्याची: मुरडा थांबवते म्हणून. दुसरी: मुरडलेली असते म्हणून. तिसरी एका ट्रेकमध्ये ऐकली: मुरूड गावाकडून यायची म्हणून. तिसरी लगेच बाजूला ठेवू. मुरूड नावाची गावं कोकणातही आहेत आणि लातूरकडेही, आणि झुडूप तर अर्ध्या देशात उगवतं. शिवाय पुस्तकांत "मुरडशेंग" असंही रूप भेटतं, त्यात गाव ऐकूच येत नाही. उच्चार जुळला की गोष्ट तयार होते, एवढंच.

खरी लढत पहिल्या दोघींत आहे. मुरडणे म्हणजे पीळ देणे, वळवणे. करंजीच्या कडेला घालतो ती मुरड. नाक मुरडतो, मान मुरडतो. आणि पोटात कळ येऊन आव पडते तो मुरडा. हे सगळं एकाच शब्दाचं गोत. म्हणजे मुरुडशेंगेतला "मुरड" आकाराचाही असू शकतो आणि आजाराचाही. ठरवायचं कसं?

मला वाटलं होतं, व्याकरणाने निकाल लागेल. आजारावरून नाव पडलं असतं तर "मुरडाशेंग" व्हायला हवं होतं, तसं नाही, म्हणजे नाव आकाराचं. खूश होऊन वहीत लिहूनही टाकलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की हा मुद्दा टिकत नाही. मराठीत समास होताना आकारान्त शब्दाच्या शेवटचा "आ" सहज गळतो. घोडा आणि दौड मिळून घोडदौड होते. वनस्पतींतच बघायचं तर दम्यावर देतात ती दमवेल. कोणी दमावेल म्हणत नाही. मग मुरडा आणि शेंग मिळून मुरडशेंग व्हायला काहीच हरकत नाही. शिवाय मराठी माणूस आजारावरून वनस्पतींना नावं देतोच. दमवेल झाली, दादमर्दन झालं. म्हणजे आत्याचं म्हणणं भाषेच्या दृष्टीने अशक्य नाही. शब्दाचं रूप दोन्हीकडे बोट दाखवतं.

मग शेजाऱ्यांना विचारायचं. ही गोष्ट एकाच भाषेत बसून सुटत नाही, कारण झुडपाला भाषांच्या सीमा माहीत नाहीत.

तमिळमध्ये हिला वलंपुरी म्हणतात, म्हणजे उजवीकडे वळलेली. उजव्या शंखालाही तिकडे हाच शब्द आहे. मल्याळममध्ये इडंपिरी-वलंपिरी: डावा पीळ, उजवा पीळ. कन्नडमध्ये एडमुरी, "एड" म्हणजे डावा आणि "मुरि" म्हणजे वळणे, मुरडणे. संस्कृतात आवर्तनी, म्हणजे भोवऱ्यासारखी फिरणारी, आणि मृगशृंगा. काळविटाचं पीळदार शिंग ज्याने पाहिलंय त्याला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही. इंग्रजांनी इंडियन स्क्रू ट्री म्हटलं, कारण त्यांच्या हातात स्क्रू होता. लिनिअसने 1753 साली वापरलेलं हेलिक्टेरिस हे नाव ग्रीक शब्दावरून आलंय. त्याचा अर्थ पीळ दिलेली वस्तू, कानातलं किंवा कडं. या साऱ्या नावांत पोट नाही, आजार नाही, औषध नाही. फक्त पीळ आहे. प्रत्येकाने आपल्या रोजच्या बघण्यातली पीळदार वस्तू आठवली आणि नाव दिलं.

आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय हिशेब पूर्ण होत नाही. हिंदीत मरोड़फली. मरोड़ म्हणजे पीळ आणि पोटातली कळसुद्धा. तेलुगूत नुलितड. तिथेही "नुलि" म्हणजे पीळ आणि पोटातली कळही. गुजरातीत मरडाशिंग, आणि मरडो म्हणजे सरळ आमांश, आपला मुरडाच. गुजराती नावात तर आजार आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतो. हा पुरावा आत्याच्या बाजूचा आहे आणि तो मी दाबून ठेवणार नाही.

पण ही दोन्ही टिपणं शेजारी शेजारी ठेवली की एक गंमत दिसते. पीळ सगळ्या नावांत आहे. आजार मात्र तिथेच ऐकू येतो, जिथे पोटातल्या कळेलाही पीळ म्हणायची पद्धत आहे. मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू, चारही ठिकाणी हेच. नुसता आजार आहे आणि पीळ नाही, असं नाव मला या झुडपाचं एकही मिळालं नाही. औषधामुळे नाव पडत गेलं असतं तर निदान एखाद्या भाषेत तरी "पोटदुखीची शेंग" या अर्थाचं, पिळाशी काही संबंध नसलेलं नाव सापडायला हवं होतं.

आणि कळेला पीळ म्हणायला ही शेंग लागतच नाही. लॅटिनमध्ये पोटातल्या मुरड्याला "टॉर्मिना" म्हणत. तो शब्द पिळणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच आला आहे. रोमच्या माणसाच्या अंगणात मुरुडशेंग नव्हती. तरीही त्याच्या पोटात दुखलं तेव्हा त्याला पीळच आठवला. आपणही म्हणतोच ना, पोटात पिळवटून येतंय? हा शब्द शरीराने दिला, झाडाने नाही. तिकडे शेंगेला नाव आकाराने दिलं. दोन्ही शब्द एकाच धातूतून निघून वेगवेगळ्या रस्त्यांनी आले आणि सहाणेवर भेटले. भेटल्यावर एकमेकांचे नातेवाईक वाटणारच. आहेतच नातेवाईक. पण एकाने दुसऱ्याला जन्म दिला, असं त्यावरून ठरत नाही.

म्हणून माझा निकाल असा: मुरुडशेंग हे नाव आधी आकाराचं आहे. त्यातून ऐकू येणारा आजार हा नंतर चढलेला अर्थ असण्याचीच शक्यता जास्त. तो अर्थ खोटा नाही. बोलणाऱ्यांच्या मनात तो आहे, गुजरातीत तर नावातच मुरलाय. पण तो मूळ नव्हे.

यावर कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला? नाव आकारावरून पडो की आजारावरून, वापर तर होतोच. मुद्दा इथेच आहे. "नावातच गुण आहे" या वाक्याला एक जुना, वजनदार भाऊबंद आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपात असा विचार जोरात होता की देवाने प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण करून ठेवली आहे. पान काळजाच्या आकाराचं तर काळजावर, गाठ मेंदूसारखी तर डोक्यावर. पॅरासेल्ससचं नाव या विचाराशी जोडलेलं आहे आणि जाम्बातिस्ता देल्ला पोर्ताने 1588 साली यावर सचित्र ग्रंथच काढला. मुरुडशेंगेबद्दल आज लिहिणारे कधी कधी एक पाऊल पुढे जातात: शेंग आतड्यासारखी दिसते म्हणून "आपल्या पूर्वजांनी" ती पोटावर योजली. हे वाक्य परंपरेच्या गौरवासाठी लिहिलेलं असतं, पण त्यातली युक्ती युरोपातली आहे. आयुर्वेदाचं द्रव्यगुणशास्त्र रस, वीर्य, विपाक अशा कसोट्या लावतं. ते पटो न पटो, "दिसतं तसं लागू पडतं" यापेक्षा ते बरंच गुंतागुंतीचं आहे. म्हणजे या वाक्याने पूर्वजांची स्तुती होत नाही. त्यांनी नुसतं आकाराकडे बघून औषध ठरवलं, असं म्हणून आपण त्यांना भोळसट ठरवतो.

ब्रॅडली बेनेट या वनस्पतिशास्त्रज्ञाने 2007 साली इकॉनॉमिक बॉटनी या नियतकालिकात या खुणांच्या सिद्धांतावर एक निबंध लिहिला. मला तो फार उपयोगी पडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आकार बघून औषध शोधलं गेलं, याला पुरावा मिळत नाही. बहुतेक वेळा आधी उपयोग कळतो, मग कोणाला तरी आकारात त्याची खूण दिसते. मात्र ती खूण निरुपयोगी नसते. लिहिता-वाचता न येणाऱ्या समाजात कुठलं झाड कशावर हे लक्षात ठेवायला आणि पुढच्या पिढीला सांगायला ती कामी येते. म्हणजे खूण हे शोधाचं साधन नाही, स्मरणाचं आहे.

आत्याचं वाक्य या उजेडात पुन्हा ऐका: "मुरडा थांबवते म्हणून मुरुडशेंग." व्युत्पत्ती म्हणून ते चुकलं असेल, पण आठवणीची गाठ म्हणून उत्तम आहे. आत्या विसरणार नाही, तिची सूनही विसरणार नाही. चूक आत्याची नाहीच. चूक माझी, जी आठवणीची गाठ पुराव्याच्या रकान्यात टाकते.

कारण शोधनिबंधात हे वाक्य एक विशिष्ट काम करतं. आधी लिहायचं, परंपरेने पोटावर वापरतात. मग लिहायचं, नावही तेच सांगतं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन साक्षीदार मिळाले. प्रत्यक्षात साक्षीदार एकच आणि दुसरा त्याचा प्रतिध्वनी. मग तिसरा लेखक पहिल्या दोघांचा हवाला देतो आणि साक्षीदारांची रांग लागते. माझ्या खर्ड्यातल्या त्या वाक्याला मीही असेच चार हवाले जोडले होते. एकेक उघडून बघितला तर चारही ठिकाणी मूळ आधार काय? नाव!

मग शेंग खरंच काम करते का? तो प्रश्न वेगळा आहे आणि त्याची रीतही वेगळी. या फळांच्या आकडीरोधक परिणामावर 2001 साली फायटोथेरपी रिसर्च या नियतकालिकात एक अभ्यास छापून आलेला आहे. अशा प्रयोगांची साधारण रीत अशी असते: प्राण्याच्या आतड्याचा छोटा तुकडा कोमट क्षारद्रवात टांगायचा, आकुंचन घडवणारं रसायन घालायचं, मग अर्क घालून ते आकुंचन कमी होतं का ते मोजायचं. परिणाम दिसला तर पुढे जायला कारण मिळतं. पण टांगलेल्या तुकड्यापासून दीड महिन्याच्या बाळापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे. अर्क किती, कशातला, पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, किती मात्रेला त्रास होतो, यातलं एकही उत्तर नावात नसतं. सहाणेवरच्या दोन वेढ्यांतही नसतं, कारण प्रत्येक हाताचा वेढा वेगळा.

अजून एका कारणासाठी हे वाक्य मला खटकतं. "मुरुडशेंग" हे मुळात शेंगेचं नाव आहे, झुडपाचं नव्हे. काष्ठौषधींच्या दुकानात पोत्यातून येते ती शेंग, म्हणून दुकानाने शेंगेला नाव दिलं आणि पुस्तकांनी तेच अख्ख्या झुडपावर चिकटवलं. झुडपाला मराठीत दुसरं नाव आहे: केवण. केवणीच्या सालीचा वाख निघतो आणि त्याचे दोर वळतात. यात नवल नाही, ज्यूट आणि अंबाडी याच कुळातली. रानात गुरं बांधायला, मोळी आवळायला ज्याला दोर हवा, त्याला शेंगेचा पीळ बघायचं कारण नव्हतं. त्याला साल हवी होती. त्याच्यासाठी झुडूप केवण, फळ आलं काय आणि न आलं काय.

बाजारातली शेंग टिकली तशी तिचं नाव टिकलं. दोर नायलॉनचा आला आणि केवण मागे पडली. आज औषधी वनस्पतींच्या याद्यांमध्ये केवण हा शब्द असलाच तर कंसात असतो. "नावातच सगळं आहे" असं म्हणताना आपण कुठल्या नावाबद्दल बोलतोय, हे म्हणूनच विचारायला हवं. एका झुडपाची दोन नावं दोन वेगळ्या हातांनी ठेवली आणि त्यातलं एक आपण ऐकायचंच सोडलं. लोकज्ञानाची नोंद करतो म्हणायचं आणि अर्धे लोक गाळायचे, हा दोष व्युत्पत्तीच्या चुकीपेक्षा मोठा आहे. माझ्या प्रबंधात आता या झुडपाची नोंद "केवण" अशी सुरू होते आणि मुरुडशेंग हे तिच्या फळाचं नाव म्हणून येतं.

नावांची साक्ष घेऊ नये, असं मला म्हणायचं नाही. उलट नाव फार मोलाचा साक्षीदार असतो. सतराव्या शतकात केरळात व्हॅन ऱ्हीडने हॉर्टुस मलबारिकुसचे बारा खंड तयार करवून घेतले, तेव्हा चित्रांबरोबर स्थानिक नावं काळजीने टिपली. त्या कामात इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. त्यांनी नागरी लिपीत दिलेली साक्ष ग्रंथात छापलेली आहे. त्याच ग्रंथात ही वनस्पती "इसोरा-मुर्री" म्हणून आली आणि तिथलं "इसोरा" लिनिअसने उचललं. आज जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ आयसोरा म्हणतात तो मलबारच्या कोणाच्या तरी तोंडचा शब्द आहे. नाव सांगतं, कोणी पाहिलं, काय पाहिलं, कशाशी ताडलं. त्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवावा. औषध लागू पडतं का, हे त्याला विचारू नये. ते त्याने पाहिलेलंच नाही.

आत्याकडे परत येते. त्या संध्याकाळी मी गप्प बसले, पण दोन दिवसांनी फोन केला. व्युत्पत्ती वगैरे काही काढली नाही. एवढंच म्हटलं, "आत्या, पहिले सहा महिने आईचं दूध सोडून काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ फारच रडत असेल तर डॉक्टरांना दाखवूया." ती म्हणाली, "तुम्हाला सगळ्यांना घुटी देऊनच वाढवलं." मी म्हटलं, "हो गं, दिलीस. आम्ही वाढलो. पण त्यात शेंगेचं किती आणि तुझ्या दुधाभाताचं किती, हे कोण सांगणार?" ती हसली. घुटी बंद केली की नाही, मला ठाऊक नाही. बाळाला डॉक्टरांकडे मात्र नेऊन आणलं.

आणि माझ्या खर्ड्यातलं ते वाक्य आता असं आहे: "फळांचा पीळ या वनस्पतीच्या अनेक भारतीय नावांत नोंदवलेला आहे. पोटाच्या तक्रारींवरील वापराची नोंद स्वतंत्रपणे तपासली आहे." दिसायला रुक्ष आहे. पण यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी मला पुढचे चार महिने गावोगाव फिरून विचारावं लागणार आहे, आणि विचारताना शेंग हातात धरायची नाही, नावही आपण आधी घ्यायचं नाही, असं ठरवलंय.